मोठ्यातून लहान

६ जानेवारी, सोमवार

माझी केबिन आणि पहिल्या वर्षाचा वर्ग यांच्या मधली प्लायवुडची भिंत मला फुकटात पडली, असं मी आजवर येईल त्याला सांगत आलो. आज खरा हिशेब मांडला. प्लाय आमच्याच कारखान्यातलं उरलेलं, खिळे गोदामातले, सुतार मी स्वतः. इथवर फुकट खरं. पण त्या दिवसापासून माझी दुपारची डुलकी गेली. केबिनमध्ये कुणाला मोकळेपणी झापता येत नाही, कारण पलीकडे चाळीस जण ऐकतात. आणि समोर पाहुणा बसलेला असला तरी माझा एक कान भिंतीला लागलेला असतो. विटांची बांधली असती तर निदान झोप तरी शाबूत राहिली असती.

तरी कानाला नावं ठेवणार नाही. फळी बोटानं वाजवली की आत पोकळ आहे की भरीव, हे मला कळतं. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याचंही कळतं. शाळांना फळे आणि बाकं करून देता देता त्या फळ्यांपुढे उभे राहणारे मास्तर तयार करायचं विद्यालय मी काढलं, ते या दोन कानांच्या जोरावर. विद्यार्थी मला माघारी ‘फळेसाहेब’ म्हणतात. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.

आज लिहायला बसलो ते नव्या बाईंमुळे. अंकगणित कसं शिकवावं, हे शिकवायला त्यांना आणलं. मीच आणलं. शाळेतली कायमची नोकरी सोडून आल्या. सत्र संपताच इथं कायम करतो, असा शब्द मी दिला होता. सत्र या महिनाअखेरीला संपतंय. आणि आजपर्यंत त्या बाईंनी वर्गात एकाही गणिताचं उत्तर सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. नुसतं विचारतात. कुणी काही म्हणालं की, “कशावरून?” बरोबर म्हणालं तरी, “कशावरून?” पोरांनी त्यांचं नावच ‘कशावरूनबाई’ पाडलंय.

ज्याला उत्तर येतं तो सांगून मोकळा होतो. जो सांगत नाही, त्याला येत असेल कशावरून?

८ जानेवारी, बुधवार

पाढेमास्तर चहाला आले होते. हे आमचे जुने अंकगणिताचे मास्तर, निवृत्त झाले तरी रोज येतात. त्यांच्या वेळी भिंतीपलीकडून पाढ्यांचा घोष यायचा, आणि मी त्या तालावर झोपायचो. बाईंचा विषय निघाल्यावर त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, “विहिरीत असेल तर पोहऱ्यात येईल ना साहेब.” पुढे बोलायची गरजही नव्हती.

संध्याकाळी नातीला घेऊन बसलो. तिसरीत आहे. दिवसभरातला हाच माझा खरा वेळ. हिने, म्हणजे नातीच्या आजीने, मध्ये येऊन दूध प्यायला बोलावलं तरी आम्ही दोघं उठत नाही. वजाबाकी मी तिला माझ्या पद्धतीने पक्की करून दिली आहे. पुस्तकातले दशक फोडा, सुटे करा, असले पाल्हाळ नाहीत. एकच नियम: मोठ्यातून लहान काढायचं, उलटं कधी नाही. तो नियम ती आता झोपेतसुद्धा म्हणेल. गणितंही मी चांगली दणदणीत देतो. अठ्ठ्याण्णवातून पंचवीस, सत्याऐंशीतून चौतीस, एकोणसत्तरातून सत्तावीस. फटाफट सांगते. दोन गणितांच्या मध्ये माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या हातात घालते आणि म्हणते, “विचारा पुढचं.”

परवा शाळेत तिची वजाबाकीची चाचणी आहे. मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर प्राचार्यांना सांगून टाकलं, निकाल आला की तो आपल्या सूचनाफलकावर लावा. माझ्या हाताखालचं मूल वजाबाकीत अडणार नाही, हे भावी शिक्षकांनाही दिसू द्या. प्राचार्य म्हणाले, जरूर. प्राचार्य कुणालाही जरूरच म्हणतात.

बाई तेवढ्या पेनचं टोपण काढत आणि लावत बसल्या होत्या.

१० जानेवारी, शुक्रवार

नात चाचणी देऊन आली. सगळी सोडवली म्हणाली, एकही सोडलं नाही. तिच्या वर्गाच्या बाई रजेवर चालल्यात, निकालाला वेळ लागेल. लागू दे. सोन्याला कसोटीची घाई नसते.

१३ जानेवारी, सोमवार

आज कानावर विश्वास बसेना.

दुपारी केबिनमध्ये कागद चाळत होतो. पलीकडे बाईंचा तास चालू. फळ्यावर खडूचा आवाज आला, मग बाईंनी विचारलं, बावन्नातून सत्तावीस गेले, किती राहिले? आणि एक बाई बारीक आवाजात, लाडात आल्यासारखं म्हणाली, “पस्तीस!”

तो आवाज माझ्या सुनेचा होता.

नातीच्या या आईला मीच हट्टाने या विद्यालयात घातलंय. नातेवाइकांत सांगतो, आमच्याकडची सून शिक्षिका होणार. ती बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस म्हणते. आणि त्यावर बाई काय म्हणाव्यात? “बरोब्बर. अगदी अस्संच.” वर्गात कुणी हसलं नाही. कुणी हरकत घेतली नाही. माझ्या हातातला कागद तसाच राहिला.

रात्रीच्या जेवणाला मी सहज म्हणून विचारलं, गोदामात बावन्न बाकं होती, सत्तावीस पाठवली, किती उरली गं? सून वाढता वाढता म्हणाली, “पंचवीस, बाबा.” वर पाहिलंसुद्धा नाही. आमटीचा एक थेंब सांडला नाही.

म्हणजे घरी येतं, वर्गात येत नाही. की वर्गात मुद्दाम चुकते? आणि मुद्दाम चुकत असेल तर कुणाच्या सांगण्यावरून?

१६ जानेवारी, गुरुवार

तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला तेव्हा आत जाऊन आलो. फळा पुसला नव्हता. चार वजाबाक्या, चारही चुकीच्या. एकाहत्तरातून पस्तीस, चव्वेचाळीस. चौसष्टातून अठरा, चोपन्न. आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण, बाईंच्या हातची. फळा माझ्या कारखान्यातला आहे. स्वतः रंगवलेल्या फळ्यावर असली गणितं बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पाढेमास्तरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांचं म्हणणं असं की हे अज्ञान नाही. अज्ञानी माणूस इकडे तिकडे चुकतो. हे चारही एकाच चालीने चुकलेत. यामागे डोकं आहे.

ते डोकं कुणाचं, हे मी मनात म्हणालो. दोन वर्षांपूर्वी आमचे भाषेचे अध्यापक असेच गोड बोलत बोलत अर्धा वर्ग घेऊन रस्त्यापलीकडच्या विद्यालयात गेले. दुधाने तोंड भाजलं की ताक फुंकून प्यावं लागतं. आमची पोरं वजाबाकीत नापास झाली, तर प्रवेशाची रांग कुठे लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज भिंतीने स्वतःची किंमत वसूल करून दिली.

मधल्या सुटीत सून आणि बाई वर्गातच थांबल्या. मी दिवा बंद करून बसलो होतो, केबिन रिकामी समजल्या असणार. हळू बोलत होत्या. सगळं नीट आलं नाही, पण एवढं स्पष्ट आलं. सून म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला आत्ताच काही कळायला नको, बाई. खचतील ते.”

बाई म्हणाल्या, “पण किती दिवस लपवणार? उशीर झाला तर जास्त महागात पडेल.”

पुढे सून काहीतरी जीव लावण्याबद्दल बोलली, आणि तिचा आवाज ओला झाला. मग घंटा झाली.

म्हातारा कोण हे विचारायला नको. खचणार कोण, तेही नको. माझ्याच घरातली, माझ्याच ताटात वाढणारी. मी कुणालाही बोललो नाही. घरी हिने विचारलं, पोट बिघडलंय का? म्हटलं, हो.

नात घड्याळ मागायला आली. आज नको म्हटलं. ती दारात थोडा वेळ थांबली आणि गेली. तिचा काय दोष? पण आकडे तोंडावर येईनात.

२० जानेवारी, सोमवार

प्राचार्यांना सांगितलं, बाईंना कायम करायचं नाही. महिनाअखेरीला मोकळं करा, आणि हे त्यांच्या कानावर आजच घाला. प्राचार्य प्रथमच जरूर म्हणाले नाहीत. खुर्चीत चुळबुळ केली. म्हणाले, त्यांनी तुमच्या शब्दावर पक्की नोकरी सोडली आहे. मी म्हटलं, शब्द मी गणित शिकवायला दिला होता. मग म्हणाले, जरूर.

उद्या मी आणि पाढेमास्तर न सांगता वर्गात जाऊन बसणार. काढायचं ठरलंच आहे, पण चोर रंगेहाथ धरलेला बरा. उद्या बाहेर कुणी म्हणायला नको की फळेसाहेबांनी ऐकीव गोष्टीवर माणूस घालवला.

मनात एक कुसळ आहे, ते इथं लिहून ठेवतो. बाईंचा आवाज पोकळ येत नाही. एवढे दिवस ऐकतोय, एकदाही आला नाही. पण माझेही कान आता साठीचे झाले.

२१ जानेवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

आम्ही दोघं आत गेलो तेव्हा सून वर्गासमोर एका बुटक्या खुर्चीत बसली होती, पाय मुडपून, लहान मूल बसतं तशी. मला बघून तिचा चेहरा उतरला. बाईंना मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांना काल संध्याकाळीच प्राचार्यांनी सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी आम्हाला बाक दिलं, हातात कोरे कागद दिले आणि शांतपणे समजावलं की सध्या या खुर्चीत आठ वर्षांची एक मुलगी आहे. खरी मुलगी आहे, ती जशी गणितं करते तशीच ही करून दाखवते. वर्गाने तिला प्रश्न विचारून तिच्या डोक्यात काय चाललंय ते शोधायचं. नियम एकच, तिला चूक म्हणायचं नाही.

मग फळ्यावर लिहिलं, त्र्याऐंशी वजा सेहेचाळीस. म्हणाल्या, सर्वांनी तिचं उत्तर लिहा.

यात काय? मी लिहिलं, सदतीस. पाढेमास्तरांनीही सदतीस, माझ्या आधी. बाकीच्या सगळ्या पोरापोरींनी कागद वर केले. चाळीसच्या चाळीस कागदांवर त्रेचाळीस.

पाढेमास्तर खोकले. मी उभा राहिलो. म्हटलं, बाई, हा काय पोरखेळ आहे? सदतीस बरोबर आहे, हे शेंबडं पोर सांगेल.

“गणित तुमचं बरोबर आहे साहेब,” बाई म्हणाल्या. “पण मी विचारलं होतं, ही मुलगी काय लिहील. तिला तुम्ही अजून ओळखत नाही.”

मागच्या बाकावरच्या एका पोराने सांगितलं, बाई खूण करतात ती गणिताला नाही. मुलीचं उत्तर आधीच ओळखता आलं, तर खूण. चूक ओळखता आली तरच ती कुठून आली हे सापडतं. ते ऐकून मी खाली बसलो, पण मन बसलं नाही. मी स्वतःच त्या बुटक्या खुर्चीकडे वळलो आणि विचारलं, का गं, त्रेचाळीस कसे आले?

सून माझ्याकडे बघत नव्हती. फळ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाली, “सहातून तीन गेले, तीन. आठातून चार गेले, चार. त्रेचाळीस.”

“अगं पण वर तीन आहेत, खाली सहा. तिनातून सहा काढायचे ना?”

“नाही. मोठ्यातून लहान काढायचं. उलटं कधी नाही.”

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. वर्गाकडे वळून म्हटलं, बघा, असं अर्धवट शिकवतात म्हणून मुलं बुडतात. आकडा अख्खा बघायचा सोडून पोरगी उभ्या ओळीत मोठं-लहान करत बसली. कुठल्या गाढवाने शिकवलं हिला हे? असला मास्तर मी दारात उभा करणार नाही.

कुणी हसलं नाही. पाढेमास्तरसुद्धा नाहीत, ते आपल्या चपलांकडे बघत होते. 

सून खुर्चीतून उठली. पाय सरळ केले, आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, “गाढव नाहीत ते, बाबा. फार जीव लावून शिकवतात.”

मी घरी आलो. चहा घेतला नाही. नातीला हाक मारली, घड्याळ काढून दिलं. म्हटलं, आज एकच. त्र्याऐंशीतून सेहेचाळीस. एवढ्या दिवसांत असं गणित मी तिला कधी दिलंच नव्हतं, हे देताना लक्षात आलं. माझी सगळी दणदणीत गणितं अशी होती की वरचा प्रत्येक आकडा खालच्याहून मोठा. लेकराने पटकन सांगावं, मी शाबास म्हणावं.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. घड्याळ कोपरापर्यंत सरकवून म्हणाली, “विचारा पुढचं.”

मी चूक म्हटलं नाही. विचारलं, कशावरून?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की आजोबांना एवढंही आठवत नाही. “तुम्हीच तर सांगितलंत.”

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मग वाटलं, पलीकडे ऐकू जाईल. मग वाटलं, जाऊ दे.

म्हटलं, सोमवारी दिलेला निरोप परत घेतो. तुम्ही राहा. कायम.

“कशावरून?” बाई म्हणाल्या.

हा प्रश्न माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, माझा शब्द आहे.  शब्द मागेही होताच. मी टेबलाची कड वाजवत बसलो.

शेवटी त्याच बोलल्या. रस्त्यापलीकडच्या विद्यालयातून त्यांना काल विचारणा आली होती. इथून मोकळ्या झाल्याची बातमी पोचायला एक संध्याकाळ पुरली. म्हणजे जी भीती मी इतके दिवस फुंकत बसलो होतो, ती मीच निरोप पाठवून दारात आणून उभी केली. त्या अजून हो म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या, इथे राहायचं तर एकच अट आहे. सोमवारी तुम्ही बुटक्या खुर्चीत बसायचं. मुलगी म्हणून नाही, आजोबा म्हणून. नातीला जसं शिकवता तसं वर्गापुढे शिकवून दाखवायचं, आणि वर्ग प्रश्न विचारील.

म्हटलं, सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करायचाय का?

“आमच्याकडे चूक म्हणायची पद्धत नाही, साहेब. काल तुम्ही एकट्यानेच म्हटलं.”

यावर हसावं की रागवावं ते ठरेना, तेवढ्यात त्या तासाला गेल्यासुद्धा.

सुनेशी अजून बोललेलो नाही. तिने सकाळी डबा दिला, मी घेतला. दोघांनीही झाकण बरोबर लागलंय का ते एकाच वेळी दाबून पाहिलं. खचतील म्हणाली होती ती. त्या दिवशी मी त्या वाक्यात कट ऐकला होता.

२७ जानेवारी, सोमवार

बसलो. खुर्ची आमच्याच कारखान्यातली, बालवर्गासाठी केलेली; गुडघे हनुवटीला लागत होते. इतकी बुटकी का केली कोण जाणे. मोठ्या माणसाला कधी बसावं लागेल, हे तेव्हा डोक्यात नसणार.

माझा नियम सांगितला. मागच्या बाकावरच्या त्या पोराने विचारलं, मोठं म्हणजे काय मोठं, अख्खी संख्या की तिच्यातला आकडा? म्हटलं, अख्खी संख्या, अर्थात. तो म्हणाला, हे तुम्ही तिला सांगितलंत का? मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, ते कळतंच. आणि बोलून गेल्यावर स्वतःच थांबलो. भिंतीपलीकडून हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं असतं, तर मी म्हटलं असतं, पोकळ आहे.

मग त्यांनी काड्यांचे जुडगे दिले, दहा-दहाचे. त्र्याऐंशी मांडा. मांडले. आता सेहेचाळीस उचला. चार जुडगे उचलले, तीन सुट्या काड्या उचलल्या, आणखी तीन हव्या. हात जुडग्यावर गेला आणि रबर काढलं. आयुष्यभर हातचा घेतला मी, पण आपण तेव्हा नक्की काय करतो ते हाताने आज पहिल्यांदा केलं. रबर टणकन उडून पाढेमास्तरांच्या चष्म्यावर बसलं. तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला, आणि मास्तरही.

तास संपल्यावर बाईंनी कायम नेमणुकीच्या कागदावर सही केली. सही करण्याआधी पूर्ण वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास नाही. शहाण्या आहेत.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, उद्यापासून नातीला तू घेऊन बस, मी बाजूला बसतो. ती म्हणाली, तिघं बसू, काड्या मी आणते. घड्याळ मात्र तुमचंच लागेल, बाबा, नाहीतर ती बसायची नाही.

२९ जानेवारी, बुधवार

नातीच्या चाचणीचा निकाल आला. प्राचार्यांनी सांगितल्याप्रमाणे सूचनाफलकावर लावला; मी नको म्हणेपर्यंत सगळ्यांचा वाचून झाला होता.

दहापैकी तीन. त्या तीन गणितांत हातचा घ्यावा लागत नव्हता.